दिसण्याची हमी

कोकणात आणि गोव्यात पर्यटक बोटीत चढण्याआधी एकच प्रश्न विचारतात: डॉल्फिन दिसणार ना? जो बोटवाला छातीठोकपणे हो म्हणतो त्याची बोट भरते. जो "सांगता येत नाही, समुद्र आहे" असं खरं उत्तर देतो त्याचं गिऱ्हाईक शेजारच्या बोटीकडे वळतं. गोव्यात सिकेरी-कांदोळीच्या बाजूला "नो डॉल्फिन, नो मनी" ही ओळ इतकी रुळली आहे की ती आता कुणाला खटकतही नाही. दापोलीजवळच्या कर्दे-मुरुड-हर्णैपासून खाली तारकर्ली, देवबाग, निवतीपर्यंत तेच वचन वेगळ्या शब्दांत दिलं जातं. या बोटींवर वाटाड्याचं आणि निरीक्षणाचं काम करताना रोज जे समोर येतं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: किनाऱ्यावर दिलेली ही हमीच पुढे समुद्रात काय घडणार ते ठरवते. बोट किती वेगाने जाईल, प्राण्याच्या किती जवळ घुसेल, एकाच कळपाभोवती किती बोटी जमतील, हे सगळं त्या एका होकारात आधीच ठरून गेलेलं असतं. आणि पैसे मोजणाऱ्या माणसाला शेवटी काय पाहायला मिळेल, हेही. म्हणून ही हमी बंद व्हायला हवी. फेरीचे पैसे समुद्रावरच्या वेळाचे घ्यावेत, प्राणी दिसण्याचे घेऊ नयेत. हे ऐकायला भाबडं वाटतं आणि यावर घेतले जाणारे आक्षेपही कमी नाहीत. त्यांना टाळून चालणार नाही.

आधी हे काम असतं तरी काय ते पाहू. त्यातला बहुतेक वेळ पाण्याकडे बघत राहण्यात जातो. सकाळची वेळ चांगली, कारण रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा तोवर पडत आलेला असतो आणि दुपारचे खारे वारे अजून उठलेले नसतात. मधल्या दोन-तीन तासांत पाणी सपाट असतं. एकदा लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस फुटू लागला की डॉल्फिनच्या पाठीवरचा पर आणि लाटेची काळी कड यांतला फरक सरावलेल्या डोळ्यालाही कळेनासा होतो. नजर एका जागी रोखून चालत नाही. ती क्षितिजापासून बोटीपर्यंत आणि एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत सावकाश फिरवत ठेवावी लागते. सुरय पक्ष्यांचा थवा एकाच जागेवर घिरट्या घालून सूर मारत असेल, तर खाली तारलीसारखी बारीक मासळी वर आलेली असते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं हिरवट पाणी जिथे भेटतं, तिथे एक रेघ दिसते. तिच्या आसपास बोय फिरते, आणि बोयीच्या मागावर गादे येतात. गादा म्हणजे मच्छीमारांच्या बोलीतला डॉल्फिन. आपल्या किनाऱ्याला लागून राहणारा गादा बहुतेक वेळा इंडियन ओशन हम्पबॅक डॉल्फिन असतो. उथळ पाण्यात, किनाऱ्यापासून थोड्याच किलोमीटरच्या पट्ट्यात, खाड्यांच्या मुखांजवळ त्याचं सगळं आयुष्य जातं. म्हणूनच तो पर्यटकांच्या बोटीच्या टप्प्यात येतो, आणि म्हणूनच तो संकटातही आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये आहे.

हा प्राणी वर येतो तो उड्या मारत नाही. जाहिरातींच्या फलकांवर निळ्या पाण्यातून कमान करून उसळणारा जो डॉल्फिन रंगवलेला असतो, तो या पाण्यातला नव्हेच. इथे आधी लांब चोच तिरपी बाहेर येते, मग कपाळ. मग पाठ सावकाश वळते आणि पाठीच्या मध्यावर लांबट कुबड दिसतं. त्या कुबडाच्या माथ्यावर लहानसा पर असतो. रंग काळपट राखाडी, ढगाळ दिवशी पाण्यातच मिसळून जाणारा. जवळून पाहिला तर तो पर गुळगुळीत नसतो. त्याच्या मागच्या कडेला खाचा असतात, पांढुरके ओरखडे असतात, एखाद्याचं टोकच तुटलेलं असतं, एखाद्याला जाळ्याच्या दोरीने कापल्याची जुनी खूण असते. खाचांची ही ठेवण प्रत्येकाची निराळी असल्यामुळे संशोधक छायाचित्रांवरून एकेका डॉल्फिनला ओळखतात आणि तोच प्राणी वर्षानुवर्षं कुठे दिसतो, कुणाबरोबर दिसतो हे ताडून पाहतात. पिल्लू असेल तर ते आईच्या कुशीला चिकटून वर येतं, आणि श्वास घेताना गरजेपेक्षा जास्त डोकं बाहेर काढतं, कारण सफाईने श्वास घेणं अजून जमलेलं नसतं. आणि या सगळ्याबरोबर एक आवाज असतो: डोक्यावरच्या नाकपुडीतून जोराने हवा सुटल्याचा छोटा, ओलसर फुत्कार. बोटीचं इंजिन चालू असेल तर तो ऐकूच येत नाही. फेरीला येणाऱ्या बहुतेक माणसांनी डॉल्फिन पाहिलेला असतो, पण त्याचा श्वास ऐकलेला नसतो, आणि माझ्या मते हीच त्यांची मोठी फसवणूक आहे.

आता हमी दिलेल्या बोटीवर काय होतं ते पाहा. तांडेलाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्याकडे, तास-दीड तास असतो, डिझेल-पेट्रोलचा खर्च डोक्यावर असतो आणि पुढची पार्टी किनाऱ्यावर वाट पाहत असते. खाडीच्या तोंडाशी थांबून पंधरा मिनिटं पाणी न्याहाळणं त्याला परवडत नाही. तो फोन लावतो, दुसऱ्या बोटीला विचारतो आणि जिथे कुणाला तरी दिसलंय तिथे सरळ रेषेत, पूर्ण वेगाने निघतो. त्याच्यासारखे आणखी चौघे-पाचजण तेच करतात. कळप वर आला की नाळेवरचा खलाशी "थंय बघा, थंय!" म्हणून ओरडतो, बोट वळते, प्रवासी एका बाजूला धावतात, मोबाइल वर जातात. कळप बुडी मारतो. तो पुढे कुठे निघेल याचा अंदाज बांधून बोट तिथे आधीच जाऊन उभी राहते, म्हणजे त्याच्या वाटेत. डॉल्फिन मग श्वास घ्यायला कमी वेळा वर येतात, बुडी लांबवतात, दिशा बदलतात, एकमेकांच्या जवळ गोळा होतात. बोटीवरच्या माणसाला याचा अर्थ "लपाछपी खेळतायत" असा सांगितला जातो. प्रत्यक्षात ती टाळाटाळ असते. आपलं किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ आहे. त्यात नजरेचा फार उपयोग नाही. हा प्राणी स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर मासा शोधतो, वाट काढतो, पिल्लाचा ठाव ठेवतो. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि दूरवर पोचतो, त्यामुळे चार-पाच इंजिनांचा गोंगाट म्हणजे त्याच्या दृष्टीने ऐन कामाच्या वेळी आलेला आंधळेपणा. शिवाय डॉल्फिन झोपतो तो मेंदूचा अर्धाच भाग विसावत ठेवून, सावकाश पोहत, ठरावीक वेळाने वर येत. संथ चाललेला कळप तांडेलाला सोपा सापडतो, आणि तो कळप बऱ्याचदा विश्रांतीतला असतो. सोपं म्हणून गाठलेलं ते दर्शन म्हणजे झोपेतल्या प्राण्याला उठवणं असतं.

यावर पहिला आक्षेप असा की, यात नुकसान कुठे सिद्ध झालंय? डॉल्फिन थोडा त्रासतो, बाजूला होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच दिसतो. रोज बोटीवर असणाऱ्या माणसालाही असंच वाटतं आणि ते स्वाभाविक आहे, कारण हा तोटा एका हंगामात डोळ्यांना दिसणाराच नाही. तो कसा दिसतो हे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथल्या अभ्यासाने दाखवलं. तिथे परांच्या खाचांवरून बॉटलनोज डॉल्फिनची एकेक करून ओळख ठेवण्याचं काम वर्षानुवर्षं चालू होतं, म्हणून तुलना शक्य झाली. पर्यटन बोटी चालवणारे व्यावसायिक एकाचे दोन झाल्यावर त्या भागातल्या डॉल्फिनच्या संख्येत साधारण १५ टक्के घट झाली. जवळच्याच, पर्यटन नसलेल्या भागात अशी घट आढळली नाही. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तिथल्या सरकारने परवाने पुन्हा दोनावरून एकावर आणले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही जागा जागतिक वारशाच्या यादीतली, बोटी मोजक्या, नियम कडक. तिथे एका जादा व्यावसायिकाने हे झालं. आपल्याकडे एकेका गावाच्या किनाऱ्यावर किती बोटी उभ्या असतात ते कुणीही हंगामात जाऊन पाहावं. ती जात वेगळी, तो समुद्र वेगळा, हे मान्य. पण आपल्या हम्पबॅक डॉल्फिनची बाजू त्याहून कमजोरच आहे. तो किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्याला बांधलेला आहे, त्रास झाला म्हणून खोल समुद्रात निघून जाणं त्याला जमत नाही. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि दोन पिल्लांमध्ये काही वर्षांचं अंतर असतं. ते पिल्लू दीर्घकाळ आईच्या दुधावर असतं, आणि बोटी मागे लागल्या की दूध पाजण्याचा वेळ पळण्यात जातो. अशा प्राण्याची संख्या घटू लागली तर आपल्याला कळेपर्यंत पंधरा-वीस वर्षं उलटून गेलेली असतील.

देवमाशांच्या बाबतीत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर श्रीलंकेतल्या मिरिसाकडे पाहावं. मराठी पर्यटक आता तिथे मोठ्या संख्येने जातात. २००९ मध्ये तिथलं यादवी युद्ध संपलं आणि दक्षिण किनाऱ्यावरचं देवमासा-दर्शन काही वर्षांत प्रचंड वाढलं. तिथे भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, अरुंद असल्यामुळे खोल समुद्र किनाऱ्याजवळ येतो, आणि पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, सकाळी निघून दुपारपर्यंत परतता येईल इतक्या अंतरावर मिळतो. त्याचा फवारा सात-आठ मीटर उंच उडतो, काही श्वास घेऊन तो शेपटी किंचित वर करून खाली जातो आणि दहा-बारा मिनिटांनी दुसरीकडेच निघतो. त्या काही श्वासांसाठी बोटी शर्यत लावतात. २०१२ पासून तिथे अंतराचे नियम आहेत, देवमाशापासून किमान शंभर मीटर दूर राहायचं. पण दोन बोटींतली एक पाळते आणि दुसरी पाळत नाही तेव्हा पाळणाऱ्याचेच प्रवासी कुरकुरतात. त्यातच जगातल्या अत्यंत वर्दळीच्या जहाजमार्गांपैकी एक दोंद्रा टोकाच्या दक्षिणेला याच पाण्यातून जातो. संशोधक आशा डी व्होस आणि इतर अनेकांनी वर्षानुवर्षं सांगितल्यावर २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून नेण्याचं ठरवलं. जहाजांचा प्रश्न निदान कंपन्यांच्या दारात नेता येतो. दर्शनाच्या बोटींचा प्रश्न मात्र प्रत्येक प्रवाशाच्या अपेक्षेत असतो.

आपल्या समुद्रात तर देवमाशाची हमी देणं शुद्ध थाप ठरेल, आणि ती देण्याचा मोह आता होऊ लागला आहे. २०१५ मध्ये सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ संशोधकांना निळे देवमासे दिसले, ब्रायड्स व्हेलही दिसले. ही बातमी मोठी होती, कारण आपल्या किनाऱ्यावर देवमासा म्हटला की तोवर मेलेला, वाहून आलेला असाच बहुधा डोळ्यांपुढे यायचा. त्याहूनही विलक्षण गोष्ट अरबी समुद्रातल्या हम्पबॅक देवमाशांची. जगातले बाकीचे हम्पबॅक दरवर्षी थंड समुद्रात खायला आणि उबदार समुद्रात विणीसाठी जातात. हा एकच समूह वर्षभर अरबी समुद्रातच राहतो. ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत शिकारी जहाजांनी याच समुद्रात दोनशेहून जास्त हम्पबॅक बेकायदा मारले, त्या घावातून हा समूह अजून सावरलेला नाही. २०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-टॅग लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याजवळ आली आणि तिथून खाली भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली. म्हणजे एखाद्या डिसेंबरात वेंगुर्ल्याच्या बाहेर अशी मादी जात असणं अगदी शक्य आहे. ती दिसणं मात्र कुणाच्याही हातात नाही. या समुद्राचं खरं मोल अशा शक्यतेत आहे. तिचं तिकीट काढलं की ज्या दिवशी काही दिसत नाही तो प्रत्येक दिवस नापास ठरतो. शंभरातले बहुतेक दिवस असेच असणार, मग त्या दिवसांची भरपाई म्हणून किनाऱ्याजवळच्या गाद्यांचाच पाठलाग सुरू होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. न्यूझीलंडमधल्या कैकोराला माओरी समाजाच्या मालकीची, १९८७ पासून चालणारी देवमासा-दर्शनाची कंपनी आहे. जबाबदार पर्यटनाचा नमुना म्हणून तिचं नाव घेतलं जातं, आणि ती देवमासा दिसला नाही तर भाड्याचे ८० टक्के पैसे परत करते. मग हमीत वाईट काय? उत्तर असं की हमीचा धोका कुणाच्या अंगावर पडतो याने सगळा फरक पडतो. कैकोराला हजार मीटरहून खोल दरी किनाऱ्याजवळच आहे, तिथे स्पर्म व्हेल सहसा असतातच. पाण्यात हायड्रोफोन सोडून त्यांचे टकटक आवाज ऐकून जागा ठरवली जाते. परवाने मोजके. १९९२ च्या नियमांनुसार प्राण्यापासून तीनशे मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नसाव्यात, आणि हे नियम मोडले तर परवान्यावर गदा येते. पैसे परत द्यावे लागले तर ते कंपनी देते. सुकाणूवरच्या माणसाचा पगार त्या दिवशी कापला जात नाही. आपल्याकडे तांडेल हाच बहुधा बोटीचा मालक किंवा रोजाने ठेवलेला माणूस. दर्शन झालं नाही तर इंधन त्याच्या खिशातून गेलेलं असतं. ज्याची भाकरी दर्शनावर अडकली आहे त्याच्याच हातात इंजिनाची मूठ आहे. तिथे हमीमागे अभ्यास आणि नियम उभे आहेत, इथे ती फक्त घाई वाढवते. परवान्यांची मर्यादा, अंतराचे नियम आणि देखरेख आधी आणा, मग हमीची चर्चा करता येईल. त्या तिन्हींशिवाय नुसती हमी उचलून आणणं म्हणजे कैकोरातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट उचलणं आहे.

मच्छीमारांकडून आणखी एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते, आणि ती खरी आहे: गादे मरतात ते जाळ्यांत, पर्यटकांच्या बोटींमुळे नाही. गिल नेटमध्ये अडकलेला डॉल्फिन श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि गुदमरून मरतो. किनाऱ्यावर वाहून येणारे अनेक प्राणी याच खुणा अंगावर घेऊन येतात. मोठ्या ट्रॉलरांनी मासळीच उपसून नेली तर डॉल्फिनला खायला काय उरणार, हाही प्रश्न योग्यच. महाराष्ट्रात २०१८ पासून जाळं कापून संरक्षित प्राण्याला सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे, आणि मच्छीमारांनी तिचा उपयोग करून कासवं, व्हेल शार्क सोडलेले आहेत. म्हणजे त्या आघाडीवर काहीतरी चाललं आहे. पण एक घाव मोठा आहे म्हणून दुसरा चालू ठेवावा, हा युक्तिवाद मला पटत नाही. जाळ्यांच्या मागे हजारो कुटुंबांचं रोजचं पोट आहे, तिथला बदल अवघड आणि सावकाशच होणार. पर्यटन बोटीला मात्र प्राणी पकडायचा नाही, त्याच्याजवळ घुसायची गरज नाही, वेगाने जायची गरज नाही. तिला जे बदलायचं ते उद्या सकाळी बदलता येतं आणि त्यात इंधन वाचतं. ज्या डॉल्फिनला जाळी, गाळ, सांडपाणी आणि मासळीची टंचाई आधीच पुरून उरली आहे, त्याला त्याच्याच नावाने चालणाऱ्या धंद्याने तरी मोकळं सोडावं, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण आहे, तेच त्यालाही आहे.

वाघाचा उल्लेख आला तर सांगायला हवं की जमिनीवर आपण याच वाटेने किती पुढे गेलो आहोत. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी रोखून धरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. तिथे फाटक आहे, नोंदलेल्या गाड्या आहेत, प्रशिक्षित गाइड आहेत, वनरक्षक आहेत. तरी असं होतं, कारण गाडीतल्या प्रत्येकाने वाघ विकत घेतला आहे असं त्याला वाटतं. समुद्राला तर फाटकही नाही. याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला माणसं पुण्या-मुंबईहून येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात. घरट्यातून पिल्लं कधी बाहेर येतील ते कुणी सांगू शकत नाही. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली आणि खाली काही नाही, असं पुष्कळदा होतं. माणसं संध्याकाळी पुन्हा येतात, दोरीच्या मागे उभी राहतात, हात लावत नाहीत. तिथे सुरुवातीपासून गावाने आणि कासवांसाठी काम करणाऱ्या संस्थेने सांगूनच ठेवलं आहे की हे निसर्गाच्या वेळेने होतं. तीच मराठी माणसं, तसाच कोकणचा किनारा. "आपल्या पर्यटकाला धीर नसतो" हा आक्षेप मला म्हणूनच मान्य नाही. धीर आहे. त्याला किनाऱ्यावर वेगळं सांगितलं जातं, एवढंच.

प्राणी पाहिल्याशिवाय माया कशी उपजेल, असंही विचारलं जातं. पाहणं हवंच, त्याविषयी माझा वाद नाही. पण माया किती जवळून पाहिलं यावर ठरत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्यावर येऊन अडकलं, तेव्हा गावकरी, जीवरक्षक, वेगवेगळ्या खात्यांचे कर्मचारी दिवस-रात्र त्याच्या अंगावर पाणी मारत राहिले, ते खोल पाण्यात ओढून नेण्यासाठी झटले. पिल्लू शेवटी वाचलं नाही. त्या लोकांपैकी कितीजणांनी आधी जिवंत देवमासा पाहिला असेल? बहुधा एकानेही नाही. उलट डॉल्फिन-फेरीहून उतरणाऱ्या प्रवाशाला विचारलं की काय पाहिलंत, तर बहुतेक जण मोबाइलमधला पाण्याचा फोटो दाखवतात, एका कोपऱ्यात काळा ठिपका. त्या प्राण्याला कुबड होतं का, पिल्लू होतं का, तो श्वास किती वेळाने घेत होता, यातलं काही त्यांच्याजवळ नसतं, कारण बोट वळत होती आणि सगळे पडू नये म्हणून धरून बसले होते.

हमी काढून टाकली तर बोटवाल्याने विकायचं काय? खाडीतून बाहेर पडताना खारफुटीत बसलेले बगळे आणि धीवर, झाडाच्या शेंड्यावरचा समुद्री गरुड, ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरची कालवं आणि ती काढायला आलेल्या बायका, रापण ओढणारी माणसं, वेंगुर्ल्याच्या बाहेरच्या खडकांवरचे पाकोळ्यांचे आणि सुरयांचे थवे, पाण्यातून जाणारा समुद्रसाप, वर येऊन मान काढणारं कासव. ज्या दिवशी गादे भेटतील त्या दिवशी तीनशे मीटरवरून वेग कमी करून, मागून नव्हे आणि वाट अडवून तर नव्हेच, कुशीने समांतर जाऊन, इंजिन न्यूट्रलला टाकून थांबायचं. अशा वेळी कळप बऱ्याचदा स्वतःच अंतर ठरवतो, कधी बोटीपासून पन्नास मीटरवरून संथपणे निघून जातो. आणि कुबड नसलेली, परच नसलेली, आवाज न करता वर येणारी एक गोल पाठ कुणाच्या नजरेस पडली तर ते फिनलेस पॉरपॉइज असतं, बोटींना फार बुजणारं. पाठलाग करणाऱ्या बोटीला ते जवळजवळ कधीच दिसत नाही. थांबलेल्या बोटीला क्वचित दिसतं. म्हणजे शांत फेरीत कमी दिसतं असं नाही. वेगळं दिसतं आणि नीट दिसतं.

उरतो तो सर्वांत अवघड आक्षेप, पैशाचा. एकट्या तांडेलाने हमी सोडली तर त्याचा हंगाम बुडेल आणि शेजाऱ्याचा भरेल. ऑक्टोबर ते मे एवढ्याच महिन्यांची ही कमाई, त्यातही खरी गर्दी दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची. कर्जाचे हप्ते त्यातच भागवायचे असतात. त्याला एकट्याला उपदेश करणं अन्यायाचं आहे आणि निरुपयोगीही. हे काम एका किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींनी एकत्र करण्याचं आहे, आणि कोकणाला ते नवीन नाही. रापणीत जाळं सगळ्यांचं, ओढणारे सगळे आणि मासळीचे वाटे ठरलेले असतात. अनेक जेट्ट्यांवर प्रवासी होड्या पाळीने सुटतात, पाळी कुणी मोडत नाही. तीच पाळी समुद्रातही लावता येईल: एका कळपाजवळ एका वेळी दोनच बोटी, ठरावीक मिनिटं, मग पुढच्याला जागा. पिल्लू दिसलं तर कुणीच जवळ जायचं नाही. भाडं सगळ्यांचं सारखं आणि फलकावर डॉल्फिनऐवजी समुद्रफेरीचा वेळ लिहिलेला. सगळ्यांनीच हमी सोडली की हमीवरची स्पर्धाच संपते, कुणाचं गिऱ्हाईक कुणाकडे पळत नाही. बोटींना परवाना देणाऱ्या सागरी मंडळाने याच अटी परवान्यात घातल्या तर संघटनेचा शब्द न मानणाऱ्यालाही वचक बसेल, पण नियम आधी संघटनेचा असावा, कारण समुद्रात कोण कळपात घुसतंय हे दुसऱ्या बोटीवरच्या तांडेलालाच दिसतं. जून उजाडला की बोटी किनाऱ्यावर ओढून झापांखाली जातात, इंजिनं उघडली जातात, पुढच्या हंगामाचे दर ठरवायला माणसं एकत्र बसतात. दर ठरवतानाच हे ठरलं तर ऑक्टोबरात पहिली बोट पाण्यात उतरेल ती नव्या फलकानिशी.